परस्परसंमतीचा काडीमोड

विवाह दोघांच्या संमतीनें होतो, तर तो दोघांच्या संमतीनें कां मोडूं नये? प्रश्न सोपा दिसतो. परंतु संमति म्हणजे काय हें ठरविल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

आमच्या परिचयाचें एक सुशिक्षित जोडपें मागें आमच्याकडे आलें होतें. लग्न अमरावतीस लागलेलें, संसार अकोल्यास झालेला. दोन वर्षें दोघें वेगळीं राहत होतीं. भांडण उरलें नव्हतें, प्रेमहि उरलें नव्हतें. वकील न देतां स्वतःच अर्ज करावा असा त्यांचा विचार होता. मसुद्याची भाषा आम्हीं तपासावी, एवढीच विनंती. भाषा शुद्ध होती. परंतु एका वाक्यापाशीं आम्ही थबकलों. पत्नी पोटगीचे व स्त्रीधनाचे सर्व हक्क 'स्वखुषीनें' सोडीत आहे, असें तेथें होतें. आम्हीं तिला विचारलें. ती म्हणाली, "सर, तें ठेवलें तर पुन्हां बोलणीं सुरू होतील. मला आतां बोलणीं नकोत."

परस्परसंमतीनें विभक्त होणें ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. अनेक जातींत पंचांसमक्ष फारकत होत असे. काडीमोड हा शब्दच त्या रूढीची साक्ष देतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें अशी रूढि अबाधित ठेवली. कौटिल्यानें परस्परद्वेषामुळें सुटका सांगितली, परंतु ब्राह्मादि चार धर्म्य विवाहांस ती नाकारली. मुंबई प्रांताचा १९४७ चा घटस्फोटाचा कायदा वऱ्हाडास लागू नव्हता, कारण वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांतांस जोडलेलें होतें. हिंदु विवाह कायद्यांत परस्परसंमतीचें कलम आलें तें १९७६ सालीं. म्हणजे ज्यांस आम्ही मागासलेले म्हणत होतों त्यांस जी मोकळीक होती, ती आम्हां पांढरपेशांस फार उशिरां मिळाली.

आतां वकिलाविषयीं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्याप्रमाणें वकील देणें हा पक्षकाराचा हक्क नव्हे. अमरावतीस व अकोल्यास अशीं न्यायालयें आहेत. यांतील हेतु आम्हांस उदात्त वाटतो. अंबादेवीच्या देवळांतून रुक्मिणीहरण झालें अशी अमरावतीची श्रद्धा आहे. रुक्मिणीचें पत्र ब्राह्मणानें पोहोंचविलें, पण शब्द तिचे स्वतःचे होते. नातें जोडतांना जी गोष्ट शोभते, ती तें सोडतांनाहि शोभावी.

तथापि वकील एक प्रश्न विचारतो, जो स्नेही विचारीत नाहींत: तुम्ही काय सोडीत आहां हें तुम्हांस ठाऊक आहे काय? तो नसेल तर हा प्रश्न कोणीं विचारावा? कायद्यानें यासाठींच अर्जापूर्वीं एक वर्षाचें विभक्तपण, अर्जानंतर सहा महिन्यांचा अवधि, दोघांची पुन्हां मागणी आणि न्यायाधीशाची चौकशी सांगितली. संमति हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं ठरविलें. योग्य प्रसंगीं सहा महिन्यांची अट शिथिल करतां येते, असें त्यानेंच २०१७ सालीं म्हटलें. परंतु पोटगीचा व मुलांच्या ताब्याचा खराखुरा निकाल दोघांत लागलेला असावा, ही अपेक्षा त्यांत आहेच.

कोणी म्हणेल, सज्ञान स्त्रीच्या शब्दावर शंका घेणारे आम्ही कोण? आक्षेप खरा आहे. तिच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु थकव्यासहि पुष्कळदां संमतीचाच चेहरा असतो, आणि तो ओळखण्याची पहिली जबाबदारी ज्याचा त्यांत लाभ आहे त्याची. वकील दूर ठेवला कीं ही जबाबदारी नाहींशी होत नाहीं. ती दोघांवर येऊन पडते.

म्हणून आम्हीं त्या गृहस्थांस एवढेंच सुचविलें, कीं तें वाक्य पत्नीच्या जागीं आपलें नांव घालून एकदां मोठ्यानें वाचावें. त्यांनीं वाचण्यास आरंभ केला आणि 'स्वखुषीनें' या शब्दाशीं ते थांबले. मग कागद घडी करून खिशांत ठेवला.

पंधरा दिवसांनीं नवा मसुदा आला. त्यांत तिच्या दागिन्यांची यादी होती, आणि ती त्यांच्याच अक्षरांत होती.