उघडी पायरी

लंडनच्या दुमजली बसगाड्यांपैकीं ‘रूटमास्टर’ ही १९५६ सालीं प्रवाशांच्या सेवेस रुजू झाली आणि डिसेंबर २००५ मध्यें नित्य सेवेंतून निवृत्त झाली. तिला रूप दिलें डग्लस स्कॉट यांनीं. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगामुळें तींत ६४ माणसें बसत, तरी ५६ आसनांच्या आधींच्या गाडीहून ती जड नव्हती. पण लोकांच्या स्मरणांत राहिली ती तिच्या मागील बाजूची उघडी पायरी. तिला दार नव्हतें. गर्दींत गाडी थबकली कीं वाटेल त्यानें चढावें, वाटेल त्यानें उतरावें. माणसास स्वतःची काळजी घेतां येते, असा विश्वास त्या पायरींत होता. म्हणूनच ती गेल्याची पुष्कळांस हळहळ वाटते.

ही हळहळ आम्हांसही कळते. मुंबईंत १९३७ पासून दुमजली गाड्या धांवल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरील पुढल्या बांकासाठीं आम्हीही लहानपणीं धडपडलों आहों. परंतु ती पायरी उघडी होती कोणासाठीं? धडधाकट पायांच्या माणसासाठीं. चाकांच्या खुर्चींतून हिंडणाऱ्यास तीच पायरी भिंतीसारखी होती. दारें असलेल्या, पण जमिनीलगत तळ असलेल्या गाड्या आल्या, तेव्हां त्याला वाट मिळाली. आमच्या रम्य आठवणींत तो कोठेंच नाहीं; कारण तो गाडींत कधीं चढलाच नव्हता.

यावरून स्मृति खोटी असते, असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें आनंदाची साक्ष अवश्य द्यावी. मात्र न्यायासनावर बसूं नये. त्या आनंदांत ज्यांना वांटा नव्हता, त्यांची साक्ष तिच्यापाशीं नसते. ती आपण मुद्दाम विचारून घेतली पाहिजे.