अधिकाचा न्याय

सार्वजनिक पैसा सर्वांस सारखा वाटला म्हणजे न्याय झाला, अशी एक सोपी समजूत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. कोणास थोडे अधिक मिळाले, की ‘हा पक्षपात नव्हे काय?’ असे लगेच विचारले जाते. प्रश्न खोडसाळ नाही. परंतु सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनास तो लावून पाहिला म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते.

बीड जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कित्येक गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानण्याची या धंद्याची रीत असल्यामुळे आईस मागे राहता येत नाही. थोरली मुले आजीपाशी किंवा वसतिगृहात राहू शकतात. अंगावरचे पोर मात्र आईबरोबर जाणारच. पहाटेच्या अंधारात आई फडात उतरते, आणि ते पोर बांधावर किंवा कोपीत सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन होते. पाच-सहा महिने हाच क्रम. गावात अंगणवाडी आहे, पण मूल तेथे नाही!

अशा मुलावर इतरांहून अधिक खर्च करावा काय? तत्त्व म्हणून याचे उत्तर आपण पूर्वीच देऊन बसलो आहोत. अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलास दिवसाला ५०० उष्मांकांचा आहार ठरला आहे, तर तीव्र कुपोषित मुलास ८०० उष्मांकांचा. यास कोणी पक्षपात म्हणत नाही. राज्यघटनेचे १५ वे कलम भेदभावास मनाई करणारे. परंतु स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मोकळीक त्याच कलमात आहे. इंग्लंडसारख्या संपन्न देशातही २०१५ पासून गरीब घरच्या तीन-चार वर्षांच्या मुलांमागे बालसंगोपन संस्थांस जादा अनुदान मिळते.

तेव्हा वाद अधिक द्यावे की नाही हा नसून, ते अधिक कोठे पोचावे हा आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावे महामंडळ निघाले. गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी व तितकेच शासनाने द्यावेत असे ठरले. २०२१ साली या कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. हे सर्व योग्यच. परंतु तीन वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याच्या वाट्याचा पैसा गावच्या इमारतीशी बांधून न ठेवता त्याच्या पाठोपाठ फडापर्यंत गेला पाहिजे: तेथे एक निवारा, एक सेविका, एक ताजे जेवण.

फडावर सोय झाल्यास स्थलांतरास उत्तेजन मिळेल, असा आक्षेप काही विचारवंत घेतात. आम्हांस तो पटत नाही. पाळणाघराच्या मोहाने कोणी घरदार सोडीत नाही; लोक जातात ते कोरडवाहू जमिनीमुळे आणि घेतलेल्या उचलीमुळे. ती कारणे दूर होईपर्यंत मुलाने थांबावे, असे म्हणणे म्हणजे त्याने वाढणेच थांबवावे असे म्हणणे होय.

ही कल्पना आपणांस परकीही नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. १९७५ पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीचे मूळ या वृत्तीत आहे. अंगणातून कुरणात गेलेल्या शाळेस उसाच्या फडाची वाट अवघड का वाटावी?

तथापि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस; त्याहून लहानांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच सांगितले. जेथे हक्क नसतो तेथे दया शिरते, आणि दया सवडीने वागते. आपल्या घरोघरच्या चहातील साखर ज्या हातांनी तोडलेल्या उसाची, त्या हातांतून उतरवून हे मूल बांधावर ठेवलेले असते. त्याच्यावरील अधिक खर्चास आपण दान म्हणू लागलो तर हिशेब चुकेल. ते देणे आहे, आणि देणे फेडताना समान वाट्याची भाषा कोणी बोलत नाही.