राखणदाराचें देणें

चोरी झाली म्हणजे सर्वांत आधीं राखणदाराला जाब विचारण्यांत येतो. तो कोठें होता, जागा होता कीं नाहीं, चोराशीं त्याचें संधान होतें काय, अशी चौकशी होते. परंतु ज्याच्यावर भरंवसा टाकून आपण निजतों, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो.

आपल्या खानदेशांत पूर्वीं गांवची राखण जागल्याकडे असे, व जागल्या बहुतकरून भिल्ल असे. रात्रीं गस्त घालावी, परक्या मनुष्यावर नजर ठेवावी, चोरी झालीच तर पावलांचा माग काढावा, हें त्याचें काम. मराठी मुलखांतील जुन्या रीतीप्रमाणें माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला कीं पुढचा शोध त्या गांवावर पडे. आणि जेथें माग खुंटे तेथील राखणदारास व गांवास भरपाई करावी लागे. जबाबदारी कठीण होती, पण तिच्या जोडीला वांटाही होता. खळ्यावर रास झाली म्हणजे राखणदाराचा हक्क निराळा काढीत.

तथापि त्या व्यवस्थेंत मोठा अन्यायही होता. काम जन्मानेंच गळ्यांत पडे. तें नाकारण्याची मोकळीक नसे. वेशीवर जागणाऱ्या महाराला वेशीच्या आंत घर नव्हतें. ह्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत, १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल मांडलें. आणि पुढें १९५८ च्या कायद्यानें गांवकीचीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं.

दुसरी गोष्ट विश्वासाची. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हां सरकार डोंगरांतील भिल्लांस केवळ लुटारू समजे. फौजा पाठवूनही बंदोबस्त होईना. १८२५ सालीं जेम्स औट्रम ह्या अधिकाऱ्यानें धरणगांवीं त्याच भिल्लांची पलटण उभारिली. तो त्यांच्याबरोबर शिकारीस जाई, त्यांच्यांत निःशंक राही. ज्यांस चोर म्हणत, ते राखणदार झाले. ह्यांत सरकारचा स्वार्थ होता, व भावाला भावावर घालण्याचा दोषही होता. तरी विश्वास टाकिल्यानें मनुष्य विश्वासास पात्र होतो, हें तेथें दिसून आलें. उलटचें उदाहरणही जवळच आहे. सेंधव्याच्या घाटांतील रस्त्याची राखण खाज्या नाईक करीत असे. पुढें त्याला शिक्षा झाली, चाकरी गेली. आणि १८५७ सालीं तोच सरकारावर उठला.

आतां जळगांव-धुळ्यास बँका, दवाखाने व कारखाने ह्यांच्या दारांशीं गणवेशांतले पहारेकरी उभे असतात. राज्याच्या १९८१ च्या कायद्यानें त्यांच्या नोकरीचें व कल्याणाचें नियमन केलें. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें रक्षक पुरविणाऱ्या संस्थांस परवाना व रक्षकांस शिक्षण आवश्यक ठरविलें. हें काम आतां जन्मानें लादलें जात नाहीं, ही खरी सुधारणा होय. पण धनी व राखणदार ह्यांच्यामध्यें ठेकेदार आला आहे. जागल्याला सारा गांव नांवानें ओळखी. आजच्या पहारेकऱ्याला त्याच दारानें रोज जाणारा मनुष्यही 'वॉचमन' एवढेंच म्हणतो. संशय पूर्वींप्रमाणें त्याच्यावरच येतो. वांटा मात्र कोठें राहिला?

कोणी म्हणेल, "आम्ही पगार देतों, आमचें देणें फिटलें." पण पगारानें मनुष्याचे तास विकत घेतां येतात, त्याची जागरूकता विकत घेतां येत नाहीं. ती मनांतून यावी लागते, आणि ज्याला आपण मनुष्य म्हणून मोजीत नाहीं त्याच्याकडून ती मागण्याचा आपणांस हक्क नाहीं. नुकसानीची जबाबदारी ज्याच्यावर टाकावी, त्याला मानाचा वांटा दिलाच पाहिजे. जुन्यांतील जन्माचें बंधन गेलें तें बरेंच झालें. त्याबरोबर ओळख व वांटा जाऊं देऊं नये.

आपल्या खेड्यांतील कित्येक तरुण आज शहरांत पहाऱ्यावर आहेत. म्हणून आपण शहरीं गेलों असतां दारावरच्या मनुष्याला त्याचें नांव विचारावें, त्याला बसावयास जागा व प्यावयास पाणी आहे कीं नाहीं हें पाहावें, त्याची मजुरी वेळेवर मिळत नसेल तर त्याच्या बाजूनें बोलावें. आणि चोरी झाली तर पुरावा मिळण्यापूर्वीं त्याच्याकडे बोट दाखवूं नये. तो आपल्यासाठीं जागतो. त्याच्यासाठीं जागणें हें आपलें देणें आहे.