पडलेल्यांचे परत येणे

इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या काही पपायरसच्या तुकड्यांना ख्रिस्ती इतिहासात मोठे मोल आहे, पण त्यांवर शुभवर्तमान नाही की प्रार्थनाही नाही. ते सरकारी दाखले आहेत, सन 250 मधले. सम्राट डेसियसने हुकूम काढला होता की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना अर्पण करावे आणि तसे केल्याचा दाखला नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले आज हाती आहेत. मजकूर ठरावीक: मी अमुक गावचा अमुक, आजवर देवांना अर्पण करत आलो, आताही तुमच्यासमोर केले, प्रसाद चाखला, तरी सही व्हावी. तलाठी कार्यालयातला अर्ज वाटावा इतका कोरडा. घेणारे सगळे ख्रिस्ती होते असेही नाही. एक दाखला मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. तिलाही रांगेत उभे राहावे लागले.

ख्रिस्ती माणसाने प्रभूशी एकनिष्ठ राहावे म्हणजे काय करावे, हे आपण बहुधा हुतात्म्यांच्या चरित्रांत शोधतो. प्रवचनांतही तेच ऐकतो. मला मात्र वाटते की ही कल्पना घडली ती या दाखल्यांच्या भोवती. जे उभे राहिले त्यांच्याबद्दल वाद नव्हता. जे पडले त्यांचे काय करायचे, यावर मंडळी भांडली आणि त्या भांडणातून निष्ठेचा अर्थ आकाराला आला.

सुरुवातीला कसोटी सरळ होती. सन 112 च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पकडून आणलेले लोक ख्रिस्ताला शिव्या देतात का आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहतात का, एवढे तो पाहत असे. पण हे लोक जमून काय करतात याची चौकशी केल्यावर त्याला कळले ते वेगळेच होते. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ ते घेत. म्हणजे सरकारला निष्ठा दिसत होती चौकात, आणि ते लोक ती पाळत होते घरात आणि बाजारात. त्याच पत्रात वीस वर्षांपूर्वीच विश्वास सोडलेल्यांचाही उल्लेख आहे. छळ सुरू होण्याची वाट न पाहता माणसे गळतात, हे तेव्हाही खरे होते.

बाप्तिस्म्यानंतर पडलेल्याला परत येता येते का? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय वाचला तर उत्तर नाही असेच वाटते. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथाने थोडी फट ठेवली: बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची संधी आहे, पण एकदाच. दुसरीकडे, तीनदा नाकारूनही ज्याला कळप सोपवला गेला तो पेत्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होताच. दोन्ही धागे एकाच पवित्र शास्त्रात होते. कुठला ओढायचा हे तोवर ठरले नव्हते.

डेसियसच्या हुकुमाने ते ठरवणे भाग पाडले. कार्थेजमध्ये ख्रिस्ती माणसे मोठ्या संख्येने पडली. कुणी बळी दिला, कुणी धूप जाळला, कुणी लाच देऊन नुसता दाखला विकत घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपून बसला होता आणि त्यावरून त्याला टोमणेही ऐकावे लागले. तुरुंगात छळ सोसलेल्यांनी पडलेल्यांना क्षमेची पत्रे वाटायला सुरुवात केली. काही पत्रांवर तर ‘अमुक आणि त्याची माणसे’ एवढेच लिहिलेले असे. माणसे किती, कोण, काही नाही. सिप्रियन संतापला. त्याला क्षमा नको होती असे नव्हे. हिशेब न देता मिळणारी क्षमा नको होती.

सन 251 मध्ये कार्थेजच्या सभेने ठरवले की नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावे, आणि बळी दिलेल्यांना पश्चात्तापाची शिस्त पाळू द्यावी व मरणाच्या वेळी पदरात घ्यावे. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा सभेने आणखी एक पाऊल टाकले: शिस्त पाळत असलेल्या सगळ्यांना लगेच प्रभुभोजनाला येऊ द्यावे. कारण मोठे विलक्षण होते. ते लायक ठरले म्हणून नव्हे, तर पुढच्या लढाईत त्यांना बळ लागेल म्हणून. प्रभुभोजन हे निष्ठेचे बक्षीस न राहता निष्ठेची शिदोरी झाले. माझ्या मते या एका निर्णयाचा ख्रिस्ती नीतिविचारावरचा परिणाम कित्येक जाड ग्रंथांपेक्षा मोठा आहे.

रोममधल्या नोव्हेशियनला हे मान्य नव्हते. मंडळी शुद्धांची असावी, पडलेल्यांना देव क्षमा करो, मंडळीने करू नये, असे म्हणत त्याने वेगळी चूल मांडली. त्याचे अनुयायी पुढे कित्येक पिढ्या टिकले आणि ती माणसे वाईट नव्हती, उलट कडक शिस्तीची होती. सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने एक किस्सा नोंदवला आहे: नायसियाच्या सभेच्या वेळी कॉन्स्टंटाइनने त्यांच्या बिशपाला सांगितले की शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ. विशेष म्हणजे हे सांगणाऱ्या सम्राटाने स्वतःचा बाप्तिस्मा मात्र मरणशय्येपर्यंत लांबवला. बाप्तिस्म्यानंतर पाप करायला उसंतच राहू नये, हा त्या काळी अनेकांचा हिशेब होता.

313 नंतर छळ थांबला आणि निष्ठेचा शत्रू बदलला. इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या संन्याशांना सिंह किंवा शिपाई भेटला नाही, कंटाळा भेटला. त्यांच्यातल्याच इव्हॅग्रियसने त्याला दुपारचा सैतान म्हटले: ऊन सरकत नाही, प्रार्थना नकोशी होते, खोली सोडून कुठेतरी जावेसे वाटते. आज आपल्यातल्या बहुतेकांची कसोटी याच जातीची आहे, म्हणून मला हे संन्यासी हुतात्म्यांपेक्षा जवळचे वाटतात. पुढे ऑगस्टीनने शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे असे मांडले, 1215 च्या लॅटरन सभेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले, आणि 1517 मध्ये लूथरने पहिल्याच प्रबंधात पश्चात्ताप हा आयुष्यभराचा असतो असे लिहिले. हर्मासची एकच संधी रोजची झाली.

या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा युरोपात झाली नाही, जपानात झाली. तिथल्या पहिल्या हुतात्म्यांत आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत ते फ्रान्सिस्कन ब्रदर. 1862 मध्ये पोपने त्यांना संत घोषित केले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ते उभे राहिले, आणि त्यांची गोष्ट आम्हांला लहानपणापासून पाठ आहे.

पण नागासाकीतली दुसरी गोष्ट आम्हांला कुणी सांगितली नाही. 1614 मध्ये बंदी आली, पुढे येशूची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवून दाखवण्याची सक्ती झाली. नागासाकीत दरवर्षी हे होई. धर्मगुरू उरले नव्हते. गावेच्या गावे वरून बौद्ध झाली, प्रतिमेवर पाय ठेवून घरी आली, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणू लागली. ही प्रार्थना 1603 च्या एका छोट्या पुस्तिकेतून आली होती. धर्मगुरू नसताना मनापासूनच्या पश्चात्तापाने क्षमा मिळते, अशी तिची शिकवण होती. असे दोनशेहून अधिक वर्षे चालले. मार्च 1865 मध्ये उराकामीचे काही गावकरी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आले आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे.

नोव्हेशियनच्या मोजपट्टीने ही माणसे दरवर्षी नव्याने धर्मभ्रष्ट ठरली असती. तरी दोन वर्षांनी उराकामीवर पुन्हा धाड पडली आणि तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना हद्दपार केले, तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांनी विश्वास सोडला नाही. सहाशेहून अधिक परत आले नाहीत. प्रतिमा तुडवणाऱ्यांची ही नातवंडे-पतवंडे. पश्चात्तापाने त्यांची निष्ठा टिकवली होती, आणि तीच पुढे उभी राहिली.

या विचाराचा गैरफायदाही घेतला गेला आहे, तो झाकून चालणार नाही. 2002 मध्ये बोस्टनच्या वर्तमानपत्राने दाखवून दिले की मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना चर्चने एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले होते. पश्चात्तापाची भाषा तिथेही वापरली गेली. फरक असा की उराकामीच्या गावकऱ्याने पाय ठेवल्याची किंमत स्वतः मोजली. इथे ती मुलांनी मोजली. आपल्याकडच्या मंडळ्यांतही उलटाच न्याय दिसतो. गरीब विश्वासणाऱ्याचे पाऊल घसरले तर त्याच्याशी बोलणे बंद होते, आणि पुढाऱ्याने पैसा खाल्ला तर क्षमेवर प्रवचन होते.

हा प्रश्नही सिप्रियनसमोर आला होता. स्पेनमधले बॅसिलिडीस आणि मार्शलिस हे दोन बिशप छळाच्या काळात दाखला घेऊन बसले आणि नंतर पदावर परत येऊ पाहत होते. सन 254 च्या सुमारास कार्थेजच्या सभेने कळवले की त्यांनी पश्चात्ताप करणारे म्हणून मंडळीत यावे, बिशप म्हणून नाही. रोमचा बिशप स्टीफन बॅसिलिडीसच्या बाजूने होता. कार्थेजने तरीही निर्णय बदलला नाही.