आजचं चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक १२ व १३ – आमच्याकडे लाईट होते



आजच्या वाचनात तिसऱ्या अध्यायातले हे दोन श्लोक आले. भगवंत अर्जुनाला सांगतात की देवांनी दिलेलं देवांना न देता जो एकटाच भोगतो तो चोर, आणि जे फक्त स्वतःपुरतं रांधतात ते पापच खातात. लहानपणापासून ऐकत आलोय आपण हे. पण 'चोर' हा शब्द मला खरा लागला तो २०२१ च्या फेब्रुवारीत, इथे ह्यूस्टनमध्ये.

१५ फेब्रुवारीच्या पहाटे कडाक्याच्या थंडीत टेक्सासची वीजयंत्रणा कोलमडायला आली. गॅसचा पुरवठा अडला, वीजकेंद्रं बंद पडली. इथलं विजेचं जाळं बाकीच्या देशापासून बरंचसं वेगळं, त्यामुळे बाहेरूनही फारशी वीज मिळेना. ४५ लाखांहून जास्त ठिकाणी अंधार झाला. आपल्याकडे लोडशेडिंग असतं ना, आत्ता तुमची पाळी, मग आमची? इथेही तसंच व्हायचं होतं, पण झालं नाही. हॉस्पिटलसारख्या गरजेच्या ठिकाणांच्या लाईनी चालू ठेवल्या आणि बाकीची कित्येक घरं दिवसच्या दिवस अंधारात राहिली.

आमच्याकडे लाईट होते. सकाळी पूजा केली, गरम उपमा केला आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आम्ही सुखरूप. देवाची कृपा." साताऱ्याहून आईचा लगेच फोन. "आणि गं, शेजारचे?"

शेजारी म्हणजे मागच्या रस्त्यापलीकडच्या जुन्या अपार्टमेंट्स. बहुतेक सगळी रोजावर काम करणारी माणसं. खिडकीतून दिसत होतं, एकही दिवा नव्हता. मी आईला म्हटलं, "अगं, कोरोना आहे, कोणाला घरात कसं घेऊ?" भीती खरी होती, पण थोडी सोयीचीही होती. तो अख्खा दिवस मी त्या भीतीआड बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पारा उणे दहाच्या आसपास गेला. हे म्हणाले, "चल, निदान विचारून तरी येऊ." तिथे पार्किंगमध्ये आमच्या दुकानातली काउंटरवरची बाई दोन मुलं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन गाडीत हीटर लावून बसलेली. गाडी उघड्यावर होती म्हणून बरं. बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून त्या आठवड्यात माणसं दगावली. चौघांनाही घरी आणलं. मास्क लावून, खिडकी किलकिली ठेवून राहिलो.

बुधवारी आमचे नळ गेले. तेव्हा तिचा भाऊ त्यांच्या अपार्टमेंटच्या पोहण्याच्या तलावातून बादल्या भरून घेऊन आला, टॉयलेटसाठी. ते लोक पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी असं पाणी भरत होते. ज्यांना मी 'मदत' केली असं समजत होते, ते माझ्याआधीच वाटून घ्यायला लागले होते.

नंतर कळलं, आमची आणि जवळच्या हॉस्पिटलची लाईन एकच. म्हणजे ज्याला मी कृपा म्हटलं ती एका तारेची जागा होती. देवाने मला निवडून उजेड दिला आणि त्या म्हातारीला निवडून गारठवलं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्या वादळात सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. त्यांच्यावर कृपा नव्हती का?

वीज आल्यावरही सगळं सारखं झालं नाही. आमचा फुटलेला पाईप विम्यातून दुरुस्त झाला. तिचा आठवड्याचा पगार बुडाला. आणि आम्ही चौघांनाच आणलं होतं, बाकीची बिल्डिंग थंडीतच होती. हे विसरून मी स्वतःची पाठ थोपटली तर तीही चोरीच.

मला उमगलं ते एवढंच. मिळालेलं वाटलं तरच त्याला प्रसाद म्हणावं, नाहीतर तो नुसता योगायोग, आपल्या ताटात पडलेला. श्लोकात देवांना द्या म्हटलंय. त्या दिवशी देव पार्किंगमध्ये कुडकुडत बसला होता आणि मी एक दिवस उशिरा पोचले.

आज एवढंच करूया. "देवाची कृपा" म्हणताना थांबून आईचा प्रश्न स्वतःला विचारूया : आणि शेजारचे?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥