सात जणांचा संघ

सरस्वतीपुरम, मैसुरू
रविवार, सकाळी

चि. बाळ,


काल रात्री पावणेबाराला फोन करून तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं नाही म्हणून तू चिडून फोन ठेवलास. चिडलास ते बरंच केलंस. फोनवर मी तुझ्या हो ला हो म्हटलं असतं, कारण तुझ्या आवाजावरून कळत होतं की तुझं आधीच ठरलंय, फक्त मामाचा शिक्का हवाय. म्हणून सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याला एक फेरी मारून आलो, कॉफी घेतली आणि लिहायला बसलो. पोस्टाने पाठवलं तर शनिवारचा सामना होऊन जाईल, तेव्हा मामी या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणार आहे. अक्षर लावून वाच.

आधी तुझाच हिशेब तुला सांगतो. बास्केटबॉलचा बारा जणांचा संघ. सेंटरचा गुडघा फिरला आणि आतलं लिगामेंट, एसीएल, तुटलं. दोघांचे घोटे मुरगळलेत, एकाचं बोट मोडलंय. आता पॉइंट गार्डची पोटरी धरलीये. राहिले सात. लीगचे अजून सहा सामने, त्यातले दोन लागोपाठच्या दिवशी. पोरगा म्हणतो इंजेक्शन घेऊन खेळतो, मालकांची हरकत नाही, फिजिओ म्हणतो रिस्क आहे पण चालेल. आणि तू, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष, मला विचारतोस, मामा, खेळवू का?

खेळवू नकोस.

पोटरीचं दुखणं दिसायला किरकोळ असतं, म्हणूनच ते फसवतं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये गोल्डन स्टेट संघाच्या केविन ड्युरँटला मे २०१९ मध्ये हेच झालं होतं. महिनाभर बसून तो १० जूनला फायनलचा पाचवा सामना खेळायला टोरंटोला उतरला. बारा मिनिटं सुरेख खेळला आणि टाचेमागची जाड दोरी, ज्याला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, ती तुटली. पुढचा अख्खा हंगाम गेला. सामन्यानंतर संघाचे व्यवस्थापक बॉब मायर्स पत्रकारांपुढे आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. दोष कुणाचाच नाही, पण द्यायचाच असेल तर मला द्या, असं ते बोलले. माणूस सज्जन, पण बोलून तुटलेली दोरी जुळत नाही. सहा वर्षांनी, २२ जून २०२५ ला, त्याच लीगमधला टायरीस हॅलिबर्टन फायनलचा सातवा सामना दुखऱ्या पोटरीनिशी खेळायला उतरला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये खाली बसला. तीच दोरी, तोच हंगाम गमावणं.

आता तू म्हणशील, हॅलिबर्टनने तर नंतरही सांगितलं की पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा खेळेन. खरं आहे. आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. फायनलचा सातवा सामना आयुष्यात एकदा येतो, तो जाणता गडी आहे, निर्णय त्याचा. पण एक गोष्ट तू विसरतोस. तो वर्षभर घरी बसला तरी त्याचा करार चालू असतो, पगार येत असतो, जगातले उत्तम सर्जन त्याच्या दाराशी असतात. तुझ्या पोराला प्रत्येक सामन्यामागे पैसे मिळतात. तो बसला की त्याची मिळकत बसते. शिवाय त्याचा डोळा खात्यातल्या नोकरीवर आहे, रेल्वे म्हण, बँक म्हण, आणि तिथे ट्रायल्सना लंगडणारा गडी कुणी घेत नाही. त्यामुळे हॅलिबर्टनचा ‘खेळतो’ आणि तुझ्या पोराचा ‘खेळतो’ हे एकाच मापाने मोजू नकोस. तुझा पोरगा बोलतोय तो पोटाच्या भीतीने, आणि तुला तो जिगरीचा वाटतोय.

इंजेक्शनचं तर बोलूच नकोस माझ्याशी. तुला पोर्टलंडच्या बिल वॉल्टनची गोष्ट माहीत असायला हवी. १९७७ चे विजेते ते. पुढच्या हंगामात साठपैकी पन्नास सामने जिंकून बसले होते आणि वॉल्टनचा पाय गेला. तो नसताना उरलेल्या बावीस सामन्यांत आठच जिंकले. प्लेऑफला त्याला परत आणलं, दुसऱ्या सामन्याआधी पाय बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि नंतर एक्स-रे काढला तर पायाचं हाड मोडलेलं. मालिका हातची गेली. पुढचा पूर्ण हंगाम तो खेळला नाही, आणि त्या संघाकडून तर पुन्हा कधीच नाही. पाय गेला त्याच हंगामात संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस होता तो. दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक असते; तू तिचं तोंड दाबलंस म्हणून आत चाललेलं थांबत नाही.

माझ्या उजव्या गुडघ्याची कथा अक्काने तुला सांगितली असेल, पण तिला अर्धीच ठाऊक आहे. मी बेळगावहून इकडे आलो तो खेळाच्या जोरावर मिळालेल्या नोकरीवर. खात्याच्या संघात होतो. एका स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी गुडघा सुजला. तेव्हाचे आमचे व्यवस्थापक रात्री खोलीवर आले. जबरदस्ती अजिबात केली नाही. शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तूच सांग, तुला काय वाटतं? मला काय वाटणार, बाळ? वय चोवीस, नोकरी कायम व्हायची बाकी. मी म्हटलं, खेळतो. सामना आम्ही जिंकलो. त्यानंतर मी चामुंडीच्या पायऱ्या कधी धड चढलो नाही, नंदीपाशी पोचेस्तोवर दोनदा बसावं लागतं. त्या माणसाला मी बरीच वर्षं दोष दिला. आता कळतं की ज्याला जिंकायचंय त्याने ‘तूच सांग’ असं विचारणं हीच सगळ्यात मोठी सक्ती होती. आणि काल रात्री तू अगदी तेच वाक्य म्हणालास: ‘मी त्यालाच विचारलंय, मामा.’

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय तुझ्या हातात ठेवूच नकोस. पोराच्या हातात तर नकोच. तुम्हा दोघांनाही शनिवारचा सामना हवाय. ज्याचं संघाच्या जिंकण्या-हरण्यावर काहीच अवलंबून नाही असा एखादा हाडांचा डॉक्टर गाठ. मालकांच्या ओळखीचा नको. त्याने लिहून दिल्याशिवाय कुणीही कोर्टवर उतरणार नाही, असं उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांग. मालकांना हे तू तोंडी सांगू नकोस, लेखी कळव. तोंडी सांगितलेलं शुक्रवारी रात्री बदलतं.

आता सातांचं. हा खरा तुझा प्रांत आहे, इथे मी फार शहाणपणा करत नाही. पण काल तू सांगत होतास की पूर्ण कोर्ट प्रेस चालूच ठेवणार, कारण तीच आपली ओळख. कसली ओळख? सात माणसांत प्रेस म्हणजे तिसऱ्या क्वार्टरला जिभा बाहेर, आणि दमलेले पाय उडी मारून खाली येताना वाकडे पडतात. सहावा जखमी तिथेच होईल. दोन-तीनचा झोन लाव. बॉल आणताना घाई नको, चोवीस सेकंदांतले अठरा-वीस वापर. सामना लहान कर, म्हणजे दोन्ही बाजूंना कमी पझेशन मिळतील आणि अंतर फार वाढणार नाही. बघायला कंटाळवाणं होईल, प्रेक्षक ओरडतील, ओरडू देत. फाउलचं मात्र रोज डोक्यात बसव. पाचव्या फाउलला माणूस जातो आणि तुझ्याकडे त्याच्या जागी उतरवायला दोघंच आहेत.

आमच्या वेळी मुंबईला नागपाड्यात एकदा आम्ही शेवटची तीन-साडेतीन मिनिटं चौघांनी काढली होती. दोघं जखमी, दोघं फाउलवर बाहेर, बेंच रिकामा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नियमाप्रमाणे सुरुवातीला पाच लागतात, पण नंतर दोघं उभे असले तरी सामना चालू राहतो. एकटा उरलास तर हरलास. हरलो आम्ही तसेही, अकरा की बारा गुणांनी. पण तो सामना आठवला की अजून हसू येतं, कारण आमच्यातल्या एकाने तेवढ्यात दोनदा समोरच्या गड्यालाच पास दिला होता. जर्सीचे रंग सारखे दिसतात म्हणाला.

हरण्याची तयारी ठेव. हे ऐकायला तुला आवडणार नाही. आपल्या चंदगडचा कबड्डीपटू सिद्धार्थ देसाई तुला माहीत आहे, ‘बाहुबली’. २०१८ ला यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात दोनशेवर रेड पॉइंट काढले. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम सगळाच्या सगळा बंगळुरूत व्हाइटफील्डच्या एका हॉटेलात झाला, कोविडमुळे. तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी तीस लाख मोजले होते आणि सुरुवातीलाच त्याचा खांदा गेला. संघाने बावीस सामन्यांत एक जिंकला. एक! मी इथे टीव्हीवर ते सामने बघायचो आणि मामी म्हणायची, कशाला स्वतःला त्रास करून घेता. पण त्यानंतरही सिद्धार्थ खेळत राहिला, दहाव्या हंगामात फायनल गाठलेल्या हरियाणाच्या संघात होता. खांदा राखला म्हणून राहिला.

आणि हरणाऱ्या हंगामात एक गोष्ट मिळते, ती जिंकणाऱ्याला मिळत नाही: मोकळी मिनिटं. गोल्डन स्टेटचा २०१९-२० चा हंगाम आठव. क्ले थॉम्प्सनचा गुडघा आधीच गेलेला, ड्युरँट संघ सोडून गेलेला, आणि चौथ्याच सामन्यात स्टेफ करीचा डावा हात मोडला. पाच वर्षं सलग फायनल खेळलेला संघ पंधरा जिंकून पन्नास हरला, सगळ्या लीगमध्ये तळाला. त्या पडझडीत जॉर्डन पूल नावाच्या नवख्या पोराला रोज खेळायला मिळालं. तिनातला एक शॉट कसाबसा पडायचा त्याचा. लोक हसायचे. तोच पूल २०२२ च्या प्लेऑफमध्ये सरासरी सतरा गुण काढत होता, आणि ते पुन्हा विजेते झाले. क्ले तोवर परत आला होता, मध्ये अकिलीसही तुटून, दोन पूर्ण हंगाम बसून. त्याला कुणी घाईने उतरवलं नाही म्हणून तो त्या फायनलला उभा होता.

तुझ्या बेंचवरच्या शेवटच्या पोराचं नावसुद्धा तू काल घेतलं नाहीस. ‘तो एक आहे’ म्हणालास. शनिवारी पॉइंट गार्डच्या जागी त्यालाच उतरव. पहिले दोन बॉल हातातून घालवेल. त्याला लगेच बाहेर काढू नकोस. टाइमआउट घे, पण त्याच्यावर ओरडायला नव्हे. पाणी पाज आणि परत पाठव.

सेंटरबद्दल थोडं. ‘पुढच्या सीझनला बघू’ असं त्याला सांगितलंस ते बरं नाही केलंस, कारण तो आता तारीख धरून बसेल. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास छापला होता. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवावं, तितका दर महिन्यामागे गुडघा पुन्हा जायचा धोका जवळपास निम्म्याने उतरतो, असं त्यात दिसलं. तेव्हा नऊ महिने ही किमान रेघ धर, आणि तेव्हाही मांडीची ताकद दोन्ही पायांना सारखी भरली तरच. त्याला बेंचवर बसव मात्र, रोज, संघाच्या कपड्यांत. जखमी माणसाचं दुखणं गुडघ्यात असतं त्याहून जास्त, आपण कुणाच्या लक्षात नाही या विचारात असतं. त्याच्या हातात रिबाउंड मोजायची वही दे. उंच माणसाने खाली बसून खेळ बघितला की पुष्कळ दिसतं.

जखमा नीट भरल्या आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगी दिली, की त्याला महिनाभर माझ्याकडे पाठव. आमच्या सरस्वतीपुरमला विद्यापीठाचा पोहण्याचा तलाव आहे, घरापासून चालत. छातीएवढ्या पाण्यात चालायचं, मग पळायचं. गुडघ्यावर भार कमी येतो आणि पायाला आपण पळतोय हे आठवत राहतं. मी तिथे काठावर बसेन. आमच्या मैसुरूच्या श्रीनाथची गोष्ट त्याला सांगायची आहे. १९९७ ला खांदा गेला, वेस्ट इंडिजचा दौरा हुकला, शस्त्रक्रिया झाली. वेगवान गोलंदाजाचा खांदा म्हणजे गवयाचा गळा, लोक म्हणाले संपला. फेब्रुवारी १९९९ मध्ये ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध एका कसोटीत तेरा बळी. सामना भारत हरला, ते वेगळं.

आणखी एक काम, हे आजच कर. पॉइंट गार्डच्या घरी तू स्वतः फोन कर. शनिवारी त्याची आई मोबाइलवर सामना लावेल आणि पोरगा साध्या कपड्यांत बसलेला दिसेल, तर तिला वाटेल काढून टाकलं. तिला सांग काय झालंय, किती दिवस लागतील, आणि या सामन्यांचे त्याचे पैसे मिळावेत म्हणून तू मालकांशी बोलणार आहेस. आणि बोल खरंच. नाहीच दिले त्यांनी तर मला कळव, निदान एका महिन्याचं मी आणि मामी बघू.

अक्काला म्हणावं, मेतकूट पोचलं.

तुझा,
मामा