ड्यूटी सुटते कधी?

सोलापुरात ‘ड्यूटी’ हा शब्द कुणालाच परका नाही. पूर्व भागातला तेलुगू विणकर असो, अक्कलकोटाकडचा कानडी माणूस असो, ‘ड्यूटी कुठली हाय?’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्यावर ड्यूटी लागायची आणि भोंग्यावरच सुटायची. पोलिसाला गड्ड्याच्या जत्रेची ड्यूटी, मास्तरला इलेक्शन ड्यूटी, आणि आम्हा नर्सबायांना मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. माझी अख्खी नोकरी या तीन शब्दांत गेली.

माझा भाचा एमबीबीएसला उत्तर चीनमध्ये होता. तिथल्या इंटर्न पोरांना इंग्रजी शिकवून तो वरखर्चाचं भागवायचा. ती पोरं ‘ड्यूटी’वर कशी अडायची, हे तो सुट्टीत आला की रंगवून सांगे. दवाखान्यात पाळीला थांबणं म्हणजे त्यांच्याकडं ‘चृ-पान’. जबाबदारी म्हणजे ‘त्स-रन’. मालावरचा सरकारी कर म्हणजे ‘क्वान-श्वे’. इंग्रजीनं हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं. एका पोरानं विमानतळावरची पाटी लक्षात ठेवून डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, ‘उद्या मी ड्यूटी फ्री आहे.’ डॉक्टरांना वाटलं, स्वस्तात काही आणून देतोय!

पण खरी गोम त्यांच्या ‘ई-वू’ या शब्दात. ई-वू म्हणजे बंधनकारक कर्तव्य. मुलांचं सक्तीचं शिक्षण ते ई-वू, सक्तीची लष्करभरती ई-वू. आणि मजुरी न घेता आपखुशीनं केलेलं श्रमदान, तेही ई-वूच. पोरं विचारायची, ड्यूटी म्हणजे यातलं कुठलं? करावंच लागतं ते, की कुणी न सांगता करतो ते? भाच्यानं ‘दोन्ही’ म्हणून वेळ मारून नेली. मला तसं करता येईना. करावंच लागतं ते घड्याळावर संपतं. आपखुशीनं पत्करलेलं कधी संपवायचं, हे सांगणार कोण?

आपल्या मीमांसकांनी या प्रश्नाचा काथ्याकूट फार पूर्वीच केलाय. त्यांनी कर्माचे कप्पे पाडले. ग्रहण लागलं, मूल जन्मलं, तर करायचं ते नैमित्तिक. निमित्त सरलं की कर्म सरलं. काही हवंय म्हणून करायचं ते काम्य. आणि नित्य कर्म जन्मभराचं. अग्निहोत्र घ्या. त्यातून सुटका संन्यासानं, नाहीतर मरणानं. नित्य कर्म केल्याचं पुण्य नाही, असं पुष्कळ शास्त्री म्हणतात, पण चुकलं तर प्रत्यवाय म्हणजे दोष आहेच. हे नर्सला शिकवायला नको. टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट वेळेवर भरला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. राहिला तर मेमो मिळतो.

सोलापुरात ही चर्चा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपाशी येऊन थांबते. जन्म इथलाच, 10 ऑक्टोबर 1910. जपानशी लढणाऱ्या चीनला डॉक्टर हवे होते, तसं सेनापती चू-ते यांनी नेहरूंना लिहिलं, आणि काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. पथकात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस, तेव्हा वय सत्तावीस. सप्टेंबर 1938 मध्ये मुंबईहून बोट सुटली. शास्त्राच्या भाषेत हे नैमित्तिक कर्म. युद्धाचं निमित्त, निमित्तापुरती मदत. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याचं कळलं, तरी ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, उत्तरेच्या डोंगराळ भागात आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करत राहिले, 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. क्वो छिंग-लान या नर्सशी लग्न झालं. मुलगा झाला, त्याचं नाव इन-हुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पोर काही महिन्यांचं असताना, 9 डिसेंबर 1942 ला, कोटणीस अपस्मारानं गेले. वय बत्तीस. बाकीचे चौघे मायदेशी परतले.

भाषणांत याचा अर्थ ठरलेला असतो. नैमित्तिकाचं नित्य झालं, चाकरीची पूजा झाली, ड्यूटी कधी सुटतच नाही. परिचारिका दिनाला हे मी दरवर्षी ऐकलंय, बहुतेकदा रात्रपाळी करून, बूट न काढता, पेंगत. मला ते पटत नाही.

ड्यूटी सुटते म्हणजे काय होतं ते सांगते. सकाळचे पावणेआठ. रात्रभर ज्या पेशंटचं बीपी खाली-वर होत होतं त्याच्या खाटेशी पुढच्या सिस्टरला नेऊन सांगायचं, सलाईन कितवं, लघवी किती झाली, नातेवाईक कोण आहे. मग पेथिडिनचे अँप्यूल तिच्यासमोर मोजायचे, रजिस्टरात दोघींनी सह्या करायच्या, आणि कपाटाची किल्ली तिच्या हातात द्यायची. ती किल्ली हातातून गेली की ड्यूटी सुटली. पेशंटची गरज तशीच आहे, ती कुठं संपली? संपली माझी पाळी. कर्म नित्य असतं, करणारा पाळीचा असतो. अग्निहोत्रसुद्धा यजमान गावाला गेला तर दुसऱ्याकडून चालवायची सोय शास्त्रात आहे.

कोटणीसांकडं किल्ली घ्यायला दुसरं कोण होतं? ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, ते डॉ. बेथून स्वतः नोव्हेंबर 1939 मध्ये रक्तातल्या जंतुसंसर्गानं गेलेले. शस्त्रक्रिया येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते थांबले ते कर्तव्याला अंत नसतो म्हणून, असं मला वाटत नाही. रिलिव्हर नव्हता आणि जखमी येत होते. तरीही निघून आले असते तर कुणी मेमो दिला नसता. सक्तीचं आणि आपखुशीचं इथं एकत्र येतं, पण ते त्यांच्या एकट्याच्या मनात. बाहेरून कुणाला ते जुळवून देता येत नाही.

आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची कथा याच्याच जवळची. सोन्नलिगेत, म्हणजे आपल्या सोलापुरात, ते तळं खणवत होते. वचनकार संत अल्लमप्रभू आले आणि खणणारा म्हणून त्यांना हिणवलं. ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथात हा प्रसंग आहे. तळं वाईट, असं अल्लमांना म्हणायचं नव्हतं. ‘मी करतो’ हा गाळ तळाशी साचतोय, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. ‘माझ्याशिवाय वॉर्ड चालत नाही’ म्हणणाऱ्या सिस्टर मी पुष्कळ पाहिल्या. त्या रजेवर गेल्या तरी वॉर्ड चालायचा.

आणि सुटणारी ड्यूटी काही आभाळातून पडली नाही. 1911 च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर बांधला, 1922 ला अकरा झाले, 1934 ला दहा. त्याच्याही आधी एकेकाळी रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत त्यासाठी भांडले आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, हाही लोखंड्यांचा एक मुद्दा होता. काम थांबवणं हासुद्धा धर्म आहे, हे देवाला साक्षी ठेवून सांगणारा तो माणूस मला पुष्कळ शास्त्र्यांपेक्षा मोठा वाटतो.

म्हणून व्यासपीठावरच्या मंडळींना एक विनंती आहे. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरी जरूर जा, हार घाला. पण त्यांचं नाव घेऊन कुणाला सलग दुसरी पाळी करायला लावू नका. त्याआधी वॉर्डातल्या रिकाम्या जागा भरा.